टपावरची सायकल आणि बळाची वाट

गाडी उभी असताना टपावर बांधलेली सायकल भक्कमच वाटते. हाताने हलवून पाहिली, डुगडुगली नाही, की आपण निर्धास्त होऊन निघतो. पण उभ्या गाडीवर कॅरिअरला फक्त सायकलचं वजन पेलायचं असतं, आणि तेवढं काम कुठलंही कॅरिअर करतं. कस लागतो तो वेगात समोरून हवा अंगावर येते तेव्हा, करकचून ब्रेक दाबल्यावर आणि वळणावर. या तिन्ही वेळी सायकलवर आलेलं बळ कॅरिअरमधून आडव्या दांड्यांत, दांड्यांतून त्यांच्या पायांत आणि पायांतून टपाच्या पत्र्यात उतरतं. टपासाठी कॅरिअर निवडायचं म्हणजे बळाची ही वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत जायची. वाटेत जी कडी सगळ्यात कच्ची, तिच्यावर सगळं अवलंबून. दुकानात मात्र आपण पाहतो ते रंग, कुलूप आणि किंमत.

मी हे आग्रहाने लिहितो आहे, कारण टपावरून सुटलेली सायकल रस्त्यावर नुसती पडत नाही. मागून दुचाकीवर कुणी येत असेल तर ती त्याच्या अंगावर जाते.

आधी हवेचं पाहू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की रोध चौपट. दोन सायकली, त्यांची कॅरिअर आणि दांड्या मिळून हवेला अडवणारं परिणामी क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरलं, तर ताशी १०० किमी वेगाला त्यांच्यावर सुमारे ११५ न्यूटन बळ येतं. १२ किलोचं ओझं कुणीतरी सतत मागे ओढत असावं, तसं. ताशी १२० ला हेच बळ १६५ न्यूटनच्या आसपास जातं आणि ७० ला उतरलं की ५७ च्या घरात येतं. हे आकडे अंदाजी आहेत, सायकलचा आकार आणि हँडलची रुंदी बदलली की तेही बदलतील. पण प्रमाण तेच राहतं. शिवाय हवेला तुमच्या स्पीडोमीटरशी देणंघेणं नसतं. समोरून ताशी ३० किमीचा वारा असेल आणि गाडी १०० ने चालली असेल, तर कॅरिअरच्या लेखी वेग १३० आहे आणि बळ जवळजवळ पावणेदोन पट.

इंधनाचा हिशेब यातूनच निघतो. मध्यम आकाराच्या गाडीला ताशी १०० किमी वेगाला स्वतःचा वायुरोध आणि टायरचं घर्षण मिळून चारशेसव्वाचारशे न्यूटन बळाशी झुंजावं लागतं. त्यात ११५ ची भर म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त वाढ. विजेच्या गाडीत ही वाढ बॅटरीच्या टक्केवारीत लगेच डोळ्यांसमोर दिसते, म्हणून त्या गाडीवाल्यांनी चार्जिंगचे थांबे आधीच जवळजवळ ठरवावेत. एक चूक मात्र कुणीच करू नये: पावसापासून जपायला सायकलींवर ताडपत्री गुंडाळणं. उघडी सायकल म्हणजे बहुतांश पोकळी, हवा तिच्यातून निघून जाते. ताडपत्री घातली की त्या पोकळीचं शीड होतं. मुलाचं सीट, पुढची टोपली, पाण्याची बाटली, पंप, सगळं काढून डिकीत ठेवावं.

आता ब्रेक. इथे बळ एकदम येतं, आणि सायकल त्याला कशी तोंड देते हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. १५ किलोची सायकल घ्या. कोरड्या रस्त्यावर ब्रेक पूर्ण दाबला की गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ८ मीटर प्रतिसेकंदाने घटतो. सायकलला मात्र पुढेच जायचं असतं. तिच्यावरचं बळ १२० न्यूटन, आणि ते जणू तिच्या गुरुत्वमध्यावर, म्हणजे चाकं टेकतात त्या पन्हाळीच्या अर्धा-पाऊण हात नव्हे तर चांगलं सव्वा हात वर लागतं. त्यामुळे सायकल पुढच्या चाकावर कलंडू पाहते. दोन चाकांमधलं अंतर साधारण एक मीटर असतं. हिशेब केला तर मागचं चाक वर उचलू पाहणारं बळ ६५ न्यूटनच्या आसपास निघतं, आणि त्या चाकावर विसावलेलं वजन सत्तर-पंचाहत्तर न्यूटन. म्हणजे मागचं चाक जवळजवळ अधांतरी होतं. त्याच क्षणी रस्त्यात खड्डा आला तर ते उसळणारच. त्याला धरून ठेवतो तो मागच्या चाकावरचा साधा दातेरी पट्टा.

म्हणूनच कॅरिअर पाहायला गेल्यावर मी सगळ्यात आधी तो पट्टा हातात घेतो. बकलचे दात ठसठशीत आहेत का, पट्टा पन्हाळीच्या खालून नीट ओवला जातो का, उन्हात कडक होऊन चिरा पडतील असं प्लॅस्टिक तर नाही ना, आणि बदली पट्टा वेगळा विकत मिळतो का. वरचा देखणा हात सगळे पाहतात, हा पट्टा कुणी पाहत नाही.

वळणावर आडवं बळ येतं आणि त्यात पन्हाळीचा काही उपयोग नसतो. ती जेमतेम टायरएवढी रुंद. सायकलला कुठे पकडलं आहे यावर सगळं ठरतं. टपावरच्या कॅरिअरच्या तीन जाती आहेत त्या या पकडीवरूनच.

सगळ्यात जास्त दिसते ती फ्रेम पकडणारी जात. हँडलखालून पेडलकडे उतरणारी तिरकी नळी एका हाताच्या जबड्यात धरली जाते. पकड गुरुत्वमध्याच्या जवळ असल्याने आडव्या बळाला उत्तम उत्तर मिळतं आणि चाक काढावं लागत नाही. अडचण आहे ती जबड्यातल्या दाबाची. कार्बन फायबरची नळी लांबीच्या दिशेने विलक्षण ताकदवान असते, पण बाजूने चेपलं तर तिची पातळ भिंत आतल्या आत तडकू शकते आणि रंगावर ओरखडाही दिसत नाही. दाब म्हणजे बळ भागिले क्षेत्रफळ. त्यामुळे जबडा जितका रुंद आणि मऊ, तितका धोका कमी. काही कॅरिअरना ठरावीक आवळणीनंतर कट्‌ असा आवाज करून सुटणारी घुंडी असते. अॅल्युमिनिअमच्या फ्रेमलाही तिचा फायदाच आहे, कारण वजन कमी करण्यासाठी त्या नळ्यांची भिंत मधोमध मुद्दाम पातळ केलेली असते, आणि जबडा बसतो तो नेमका मधोमध. फ्रेम कार्बनची असेल, तर जबड्याने पकडायला तिच्या निर्मात्याची परवानगी आहे का हे सायकलच्या पुस्तिकेत बघूनच पुढे जावं.

दुसऱ्या जातीत पुढचं चाक काढून फोर्कची, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याची, टोकं कॅरिअरवरच्या धुऱ्यात अडकवतात. सायकल खाली बसते, हवेला कमी अडवते, फ्रेमला कुणी हात लावत नाही. शर्यतवाल्यांची ही आवडती पद्धत. पण बळाची वाट इथे अरुंद होते. वळणावर ६० न्यूटनचं आडवं बळ गुरुत्वमध्यावर आलं आणि तो फोर्कच्या टोकांपासून ३५ सेंटिमीटर उंच असला, तर जेमतेम १० सेंटिमीटर रुंदीच्या त्या टोकांवर दोनशे दहा न्यूटनच्या जवळपास बळ पडतं. तरफेचा साधा नियम. फोर्क हे सोसायला बनलेला असतो, पण पकड जराही सैल राहिली तर टोकं झिजतात. आणि धुऱ्याचं माप जुळलं पाहिजे: जुन्या पद्धतीचा ९ मिलिमीटरचा, रोड सायकलचा १२ चा, डोंगरी सायकलचा १५ चा, त्यातही रुंदी १०० किंवा ११० मिलिमीटर. अडॅप्टर घ्यावा लागेल का, हे कॅरिअर घेण्याआधीच विचारावं. काढलेलं चाक गाडीत कुठे ठेवणार, तेही.

तिसरी जात मला स्वतःला सगळ्यात पटते. दोन कमानी पुढच्या चाकाला मागून-पुढून मिठी मारतात आणि फ्रेमला कशाचाही स्पर्श होत नाही. कार्बन असो, विचित्र आकाराची फ्रेम असो की मधली नळी नसलेली सायकल, सगळ्या बसतात. टायर मऊ असल्यामुळे दाब आपोआप पसरतो. फक्त टायरमधली हवा भरलेली हवी. हवा उतरली की मिठी सैल पडते. ही कॅरिअर वजनाने जड आणि बहुधा महाग असतात, आणि पुढच्या चाकावर रुंद मडगार्ड असेल तर कमान अडते.

काचेला किंवा पत्र्याला निर्वात कपांनी चिकटणारी कॅरिअरही मिळतात, त्यांचं विज्ञान सुंदर आहे. कप चिकटतो तो आतल्या ओढीने नव्हे, बाहेरच्या हवेच्या दाबाने. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कपाखाली पूर्ण निर्वात करता आला असता, तर तो पावणेदोनशे किलोच्या वर बळाने दाबला गेला असता. प्रत्यक्षात निर्वात अपुरा असतो, आणि कपाखाली धुळीचा एक कण राहिला तरी हवा हळूहळू आत झिरपते. घाट चढून ३००० मीटरवर गेलात तर बाहेरचा दाबच समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर कपाच्या पंपावरची खूण पाहायची शिस्त ज्याला जमेल, त्यानेच हे घ्यावं.

वजनाकडे येऊ. गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते. बऱ्याच गाड्यांना ती ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते. मर्यादा चालत्या गाडीची आहे, आणि तिच्यात दांड्या व कॅरिअरचं वजनही धरायचं. दांड्या ६ किलो, दोन कॅरिअर १०, दोन सायकली ३०, झाले ४६. मर्यादा ७५ असेल तर ठीक. आता त्याच जागी २५ किलोच्या दोन विजेवरच्या सायकली ठेवा. बेरीज ६६, टप अजूनही पेलतो. पण टपावरच्या बऱ्याच कॅरिअरची मर्यादा दर सायकलला २० किलोच्या आसपास असते, तिथे वाट तुटते. बॅटरी काढून गाडीत ठेवली की दोन-चार किलो कमी होतात. ती नाहीतरी काढायचीच. तरी वजन मर्यादेत बसत नसेल तर अशा सायकलीला टप नको, मागच्या हुकवरचं कॅरिअर बरं. शिवाय २५ किलो डोक्यावर उचलताना कंबर जाईल ते वेगळंच.

हे ४६ किलो १३०० किलोच्या गाडीपुढे काहीच नाहीत असं वाटतं, पण ते जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच असतात. त्यामुळे साऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटरच्या जरा आत इतका वर सरकतो. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकते, आणि एकदम स्टिअरिंग वळवलं तर ती सावरायला वेळ घेते. पहिले काही किलोमीटर हे अंगवळणी पडू द्यावं.

दांड्या कशा बसणार ते टपावर अवलंबून. उंच रेलिंग असेल तर काम सोपं. टपाला चिकटलेलं रेलिंग किंवा अगदी सपाट टप असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेलेच पाय हवेत, ‘चालून जाईल’ असे नकोत. टपावरच्या ओझ्याच्या दांड्यांसाठी आयएसओ १११५४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, डब्यावर त्याचा उल्लेख शोधावा. दोन दांड्यांमधलं अंतर पुस्तिकेत सांगितलेलं तेवढंच ठेवावं. बोल्ट पहिल्यांदा आवळल्यावर रबर दबतं, आटे बसतात आणि ताण उतरतो; म्हणून थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळणं गरजेचं आहे.

गाडी वेगात असताना टपावरून येणारी घूं ऐकली आहे ना? दांडीच्या मागे हवेचे भोवरे आळीपाळीने वरून आणि खालून सुटतात. चेक शास्त्रज्ञ स्ट्रौहल यांनी १८७८ साली तारांवर प्रयोग करून दाखवलं की हा सूर वेगाच्या प्रमाणात चढतो आणि जाडीच्या प्रमाणात उतरतो. अडीच सेंटिमीटर जाडीची गोल दांडी ताशी १०० किमीला सेकंदाला सुमारे २२० कंपनांचा सूर धरते. विमानाच्या पंखासारख्या आकाराच्या दांडीमागे भोवरे बारीक होतात आणि आवाज बसतो, म्हणून त्या दांडीला चार पैसे जास्त द्यावेत. सपाट पट्टा ताणून बांधला तर तोही असाच फडफडून गुणगुणतो. त्याला बांधतानाच एक पीळ द्या. हवेला सलग सपाट पृष्ठभाग मिळत नाही आणि पट्टा गप्प होतो. ही युक्ती मी पहिल्यांदा केली तेव्हा गाडीतली शांतता इतकी अनपेक्षित होती, की सायकल जागेवर आहे ना हे पाहायला मी थांबलो होतो.

शेवटी उंची. गाडी दीड मीटर, वर सायकल एक मीटरहून जास्त. दोन्ही मिळून अडीच मीटरच्या पुढे. तळघरातल्या पार्किंगचं छत अनेकदा दोन मीटरच्या थोडंच वर असतं, आणि दिवसभराच्या प्रवासाने थकलेल्या माणसाला टपावर काय आहे याचा विसर पडतो. तिथे कुठलंच कॅरिअर टिकत नाही: सायकल, दांड्या आणि टपाचा पत्रा, बळ वाटेतल्या सगळ्याच कड्या एकदम मोडतं. सायकली चढवल्यावर टेपने उंची मोजावी, कागदावर मोठ्या आकड्यांत लिहावी आणि तो कागद स्टिअरिंगवर अशा जागी चिकटवावा, की गाडी सुरू करताना हाताला लागलाच पाहिजे. सायकली उतरवेपर्यंत तो काढायचा नाही.