मागे तुंबलेल्या रक्ताची सावली

छातीच्या साध्या एक्स-रेवर मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप, दिसत नाही. तिच्यात कॅल्शियम साचलं असेल तर एखादा पांढरट डाग दिसतो, इतकंच. तरीही ती आक्रसली आहे हे डॉक्टर कित्येक वर्षं याच फिल्मवरून ओळखत आले.

आजाराचं मूळ बहुधा लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापात (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, हृदयालाही बाधणाऱ्या तापात) असतं. पुढे झडपेच्या पाकळ्या चिकटत जातात, रक्त पुढे सरकत नाही आणि डावी कर्णिका, म्हणजे झडपेमागचा वरचा कप्पा, फुगते. व्हिएन्नाचे डॉक्टर नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये अशा रुग्णांच्या घोगऱ्या आवाजाचं कारण फुगलेल्या कर्णिकेत शोधलं. राँटगेन यांच्या किरणांना, म्हणजे एक्स-रेंना, तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पुढे फिल्मवर या फुगवट्याच्या खुणा सापडत गेल्या: हृदयाची डावी कड सरळ होणं, उजव्या कडेशी दुहेरी सावली, डावी श्वासनलिका वर उचलली जाणं. रुग्णाला बेरियम (एक्स-रेवर पांढरं दिसणारं द्रावण) पाजलं की मागे ढकललेली अन्ननलिकाही दिसे. मला ही खूण सगळ्यांत बोलकी वाटते, कारण कर्णिका हृदयाच्या अगदी मागच्या बाजूला असते आणि समोरून काढलेली फिल्म ते सांगू शकत नाही.

कर्णिकेत अडलेलं रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. तिथल्या खुणा एक्स-रे तज्ज्ञ पीटर कर्ली यांनी १९३३ मध्ये वर्णन केल्या. त्यांतल्या ‘बी’ रेषा म्हणजे फुप्फुसाच्या तळाशी, कडेला काटकोनात असलेल्या, जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच्या आडव्या रेघा. कर्लींना त्या फुगलेल्या लसिकावाहिन्या (ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) वाटल्या. प्रत्यक्षात ते फुप्फुसाच्या छोट्या कप्प्यांमधले, पाणी झिरपून जाड झालेले पडदे असतात. अर्थ चुकला, पण निरीक्षण पक्कं होतं.

या वाचनाला खरी निकड आली ती शस्त्रक्रियेमुळे. १९२५ मध्ये लंडनला शल्यविशारद हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून झडप मोकळी केली, ती वाचली, तरी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण कुणी पाठवला नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतले शल्यविशारद बेली आणि हार्केन यांनी या शस्त्रक्रियेचा मार्ग उघडला, आणि शस्त्रक्रियेचा फायदा कुणाला होईल हे आधी ठरवणं भाग पडलं. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी हृदयावर अल्ट्रासाउंड वापरला. पुढे त्यातून झडपेची हालचाल थेट दिसू लागली आणि एक्स-रे मागे पडला.

फुप्फुसांत किती पाणी साचलंय हे मात्र तो अजूनही चटकन दाखवतो. झडप मोकळी झाल्यावर ‘बी’ रेषा अनेकदा पुसल्या जातात. दाब फार वर्षं राहिला असेल तर त्या तशाच राहतात.