संथ सुटणारं औषध आणि स्मार्ट औषध यांची गल्लत पुरे

मज्जातंतूंच्या दुरुस्तीबद्दल वाचताना एक घोळ हटकून भेटतो. औषध हळूहळू सोडणारं कुठलंही बायोमटेरियल (शरीरात वापरायला बनवलेलं साहित्य) दिसलं, की त्याला ‘स्मार्ट’ म्हणून मोकळे होतात.

संथ सुटणं बहुतेकांना ठाऊक असतं. पीएलजीए या लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनलेल्या पॉलिमरचे सूक्ष्मगोल पाण्यामुळे झिजत जातात आणि आतलं औषध काही आठवडे बाहेर येत राहतं. लॅक्टिक-ग्लायकोलिक प्रमाण ५०:५० असेल तर झीज लवकर होते, ७५:२५ असेल तर उशिरा. थोडक्यात, वेळापत्रक गोल बनवतानाच ठरतं. पुढे जखमेत काय चाललंय, याची त्याला गंधवार्ता नसते.

स्मार्ट साहित्य मात्र इशाऱ्याची वाट पाहतं. इजा झालेल्या मज्जातंतूत एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम्स वाढतात. त्यांना कापता येईल अशा पेप्टाइडने औषध जेलला बांधलं, तर एन्झाइम्स जिथे जास्त तिथे औषध जास्त सुटतं. तसंच पॉलिपायरोल या वीज वाहणाऱ्या पॉलिमरमध्ये अडकवलेलं, दाह कमी करणारं डेक्सामेथासोन विद्युतदाब बदलला की बाहेर पडतं.

खरी फसगत होते ती थर्मोजेलपाशी. सुईतून जाताना पातळ, शरीराच्या ३७ अंशांना घट्ट. मग हे स्मार्ट नाही तर काय? पण तापमानाला प्रतिसाद दिला तो जेलने, आणि तोही फक्त घट्ट होण्यापुरता. त्यानंतर औषध नुसतं पाझरत राहतं. दाह वाढो की ओसरो, पाझरण्याला त्याचं सोयरसुतक नाही. साहित्य प्रतिसाद देतं म्हणजे औषधाचं सुटणंही प्रतिसाद देतं, असं अजिबात नाही. पडताळा सोपा आहे: एक नमुना साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवा, दुसरा त्याच बफरमध्ये एन्झाइम घालून, आणि किती औषध सुटलं ते मोजा. दोन्ही आलेख एकावर एक बसले, तर एन्झाइमला प्रतिसाद देण्याचा दावा तिथेच निकालात निघाला. फक्त साध्या बफरमधला आलेख छापून ‘स्मार्ट’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

हा काथ्याकूट नाही. अक्षतंतू, म्हणजे मज्जापेशीचा लांब धागा, दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे दंडापासून पंजापर्यंत पोचायला वर्षाच्या आसपास जातं. सुरुवातीला दाह आवरायचा असतो, नंतर वाढीला चालना द्यायची असते. त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की जीडीएनएफ हे मज्जापेशींच्या वाढीला मदत करणारं प्रथिन एकाच जागी सतत मिळत राहिलं तर अक्षतंतू तिथेच गुंतून वेटोळे घालतात, पुढे सरकतच नाहीत. अशा वेळी औषध थांबवता येणं हे ते सोडण्याइतकंच मोलाचं ठरतं, आणि पीएलजीएचा गोल एकदा आत गेला की त्याला थांबवता येत नाही.

जेल की तंतू, नैसर्गिक की कृत्रिम, हे भेद इथे गौण आहेत. तुटलेल्या मज्जातंतूतलं अंतर छोटं असेल आणि औषध एकच, तर मी बिनदिक्कत पीएलजीए घेईन. बाहेरून इशारा द्यायचा झाला, तर खोलवरच्या मज्जातंतूसाठी प्रकाशापेक्षा अल्ट्रासाउंड बरा. प्रकाश ऊतींमध्ये फार खोल शिरत नाही.