पीडीएफ प्रूफवर खुणा कशात कराव्यात?

पुस्तक छापण्याआधी तपासायला आम्ही प्रूफ पाठवलं की "करेक्शन कशात करू?" असा फोन येतोच. म्हणून हे पत्रक.

कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबीचं फुकट मिळणारं अ‍ॅक्रोबॅट रीडर पुरतं. चुकीच्या शब्दावर पिवळा रंग ओढा, कमेंटमध्ये बरोबर शब्द लिहा. लिनक्सवाल्यांसाठी ऑक्युलर आहे. दुसरं काही वापरत असाल तर एकच बघा, खूण फाइलच्या आत राहते का? गूगल ड्राइव्हवर पीडीएफला दिलेल्या कमेंट डाउनलोड केलेल्या फाइलबरोबर येत नाहीत. पीएच.डी.चे विद्यार्थी संदर्भ साठवायला झोटेरो वापरतात. त्यातल्या खुणा त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात, म्हणून खुणांसकट पीडीएफ एक्स्पोर्ट करूनच पाठवा.

खरा घोळ होतो मोबाइलवर. पंचवटीतल्या एका निवृत्त सरांनी आत्मचरित्राची १८० पानं दोन रात्री बसून तपासली. आमच्याकडे फाइल आली ती कोरी! सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून पीडीएफ उघडली, खुणा केल्या, अ‍ॅपने त्यांची वेगळी कॉपी सेव्ह केली; आणि सरांनी चॅटमधली आमचीच जुनी फाइल परत फॉरवर्ड केली. कष्ट वाया गेले नव्हते, खुणांची कॉपी फोनच्या 'डाउनलोड'मध्ये सापडली. पण तोवर चार दिवस गेले. तेव्हा फॉरवर्ड करू नका. खुणा केलेली फाइल सेव्ह करा, नावापुढे 'तपासले' लिहा, एकदा उघडून खुणा दिसतात का बघा आणि मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

"फोनवर सांगतो, लिहून घ्या," असं काही जण म्हणतात. आम्ही नाही म्हणतो ते आळसापोटी नव्हे. 'दिन' आणि 'दीन' फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि पुस्तकावर नाव तुमचं असतं. स्क्रीनशॉटमध्ये पान नंबर कापला जातो, मग ती ओळ शोधण्यात वेळ जातो.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकात शब्दावर रंग चढत नाही, कारण ते पानाचं चित्र असतं. तिथे अ‍ॅपमधल्या पेनने गोल करा. अशा पानांचं मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा टाइप केलेला मजकूर, आम्ही करून देतो. जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात, म्हणून त्याचे पैसे पानांवर ठरतात.

दोन प्रूफं आमच्या दरात धरलेली आहेत, तिसऱ्याचे वेगळे पैसे पडतात. खुणा नीट आल्या तर बहुतेकांना तिसरं लागत नाही. अडलं तर फोन घेऊन दुकानात या. अ‍ॅप टाकून, तुमच्याच प्रूफचं एक पान तुमच्याकडून करून घेतो. त्याचे पैसे नाहीत.