सिराजचा १८१.६ आणि रातकिड्याचा सूर

डिसेंबर २०२४, ॲडलेडची गुलाबी चेंडूची कसोटी. सिराजने लाबुशेनला एक चेंडू टाकला आणि पडद्यावर आकडा झळकला, ताशी १८१.६ किलोमीटर. थोड्याच वेळात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट हजर. खाली 'डीएसपी साहेबांचा कहर' वगैरे (सिराजला तेलंगण पोलिसांत डीएसपीपद मिळालं होतं). बहुतेकांनी हसून सोडून दिलं, पण एका काकांनी मनापासून विचारलं, "मशीन कशाला खोटं बोलेल?"

त्याआधी जून २०२२ मध्ये आयर्लंडमध्ये भुवनेश्वर कुमारच्या नावावर २०१ आणि २०८ लागले होते. भुवी, १३०-१३५ चा माणूस! अशा घोडचुकांचं मला काही वाटत नाही, त्या लांबूनही ओळखू येतात. मला धास्ती वाटते ती १४९ आणि १५१ मधल्या फरकाची. त्यावरून लोक भांडतात, पोरांची निवड होते आणि हुकते, आणि तो फरक कुठून आला हे कुणीच विचारत नाही.

त्यासाठी वेग मोजणारी स्पीडगन करते काय ते पाहू. शाळेत डॉप्लर परिणाम शिकताना शिट्टी वाजवत येणारी रेल्वे असते. जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरता. डॉप्लरने हे १८४२ मध्ये मांडलं आणि तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी चक्क रेल्वेवर तुतारीवाले बसवून ते तपासलं. स्पीडगन शिट्टीऐवजी रेडिओलहरी सोडते. अशा बऱ्याच गन २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे लहरीची लांबी साधारण १२.४ मिलिमीटर. लहर चेंडूवर आपटून परत येते तेव्हा तिची वारंवारता किंचित बदललेली असते. गन सोडलेली लहर आणि परत आलेली लहर एकमेकींत मिसळते.

तानपुऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की जो आवाजाचा हेलकावा ऐकू येतो, तोच प्रकार इथे. चेंडू ६.२ मिलिमीटर सरकला की लहरीचा जाण्या-येण्याचा रस्ता मिळून १२.४ ने बदलतो आणि एक हेलकावा पुरा होतो. ताशी १५० म्हणजे सेकंदाला ४१.७ मीटर. त्याला ६.२ मिलिमीटरने भागा. सेकंदाला साधारण ६,७०० हेलकावे. ही वारंवारता माणसाच्या कानाच्या आवाक्यात आहे! गनच्या आतला तो संकेत स्पीकरला जोडला तर रातकिड्याच्या किरकिरीहून जरा वरचा सूर ऐकू येईल. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. पोलिसांच्या रडारगन तपासायला स्वरकाटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क वापरतात तो याचमुळे. ४४० हर्ट्झचा काटा, आपल्या पेटीतल्या पांढरी सहाचा सूर, अशा गनसमोर धरला तर ती ताशी दहाच्या आसपास वेग दाखवेल. काटा तर हातात जागच्या जागीच आहे, फक्त थरथरतोय.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की गन सूर ऐकते आणि त्याचा आकडा करते. सूर कुणाचा, हे तिला सॉफ्टवेअरने ठरवावं लागतं. मैदानात एकटा चेंडू हलत नसतो. गोलंदाजाचा हात, धावतं शरीर, फिरणारी बॅट, या सगळ्यांचे सूर एकदम येतात. त्यात चेंडू जेमतेम सात सेंटिमीटरचा, आणि अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळा पट क्षीण. गोंगाटातला भलताच सूर उचलला गेला की १८१.६ सारखा आकडा येऊ शकतो.

इथे थोडं डोकं लावावं लागेल. वरच्या हिशेबाने ताशी एक किलोमीटर म्हणजे ४५ हर्ट्झ. दोन सुरांत ४५ हर्ट्झचा फरक ओळखायचा तर सूर किमान १/४५ सेकंद ऐकावा लागतो. हा गनचा दोष नाही, लहरींचा स्वभाव आहे. निमिषभर सूर ऐकून पट्टी सांगता येत नाही तसं. हुशार गणिताने याहून जरा बारीक वाचता येतं, पण सूर स्वच्छ आणि स्थिर असेल तर. चेंडूचा सूर स्थिर कुठे असतो? दीडशेच्या वेगाला हवेचा विरोध चेंडूच्या वजनाहूनही थोडा जास्त भरतो, त्यामुळे हातातून सुटल्या क्षणापासून तो मंदावत जातो, टप्पा पडेपर्यंत ढोबळमानाने दहा-बारा किलोमीटर. त्या १/४५ सेकंदात चेंडू जवळपास मीटरभर पुढे गेलेला असतो आणि तेवढ्यात त्याचा वेग ताशी एकाने उतरलेला असतो.

आता विक्रमांकडे बघा. शोएब अख्तर, केपटाउन, २२ फेब्रुवारी २००३, निक नाइटला टाकलेला चेंडू, १६१.३. शॉन टेट, लॉर्ड्स, २०१०, १६१.१. फरक ०.२, म्हणजे नऊ हर्ट्झ. तो ओळखायला १/९ सेकंद ऐकायला हवं, आणि तेवढ्या वेळात चेंडूच चार-पाच किलोमीटरने मंद होतो! शिवाय मैदान वेगळं, गन वेगळी. शोएबने आदल्या वर्षी लाहोरला न्यूझीलंडविरुद्ध १६१ गाठला होता, तो आयसीसीने अधिकृत मानला नाही, आणि त्यामागचं कारणही मोजणाऱ्या यंत्राच्या प्रमाणीकरणाचंच होतं. शोएब टेटपेक्षा वेगवान होता का? असेलही. दशांश चिन्हापुढच्या आकड्यावरून ते ठरत नाही.

उरला कोन. गनला तिच्या दिशेने येणारा किंवा सरळ लांब जाणारा वेगच कळतो. चेंडू तिरका जात असेल तर कोनाच्या कोसाइनएवढाच हिस्सा हाती लागतो. म्हणून कोनामुळे आकडा कमीच होतो, वाढत कधी नाही. गन साइटस्क्रीनजवळ असते, त्यामुळे आडवा कोन नगण्य. पण चेंडू खालीही जात असतो. हात सव्वादोन मीटरवर, गन साधारण त्याच उंचीवर आहे असं धरू. १५० चा यॉर्कर सुटताना चारेक अंशांनी खाली झुकलेला असतो, त्यात अर्धा किलोमीटर जातो. तेवढ्याच ताकदीने आपटलेला बाउन्सर बारा अंशांनी झुकतो, गन १४७ च्या खालीच दाखवते. समालोचक म्हणतात, "बाउन्सरला जोर कमी लावला." बिचाऱ्याने खांदा मोडेस्तोवर लावलेला असतो.

हे सगळं आमच्या घरात आलं ते भाच्यामुळे. तो ज्या अकादमीत जातो तिच्या फाटकावर '१४० प्लसची हमी' असा फ्लेक्स आहे, आणि आत बदाम-खारकेची 'वेगवर्धक' पावडर विकायला. (त्या पावडरीने वजन वाढतं, एवढं मी बघितलंय.) एका रविवारी पोराचा वेग १२८ भरला, पुढच्या रविवारी ११७. घरी जेवेना. मी जाऊन बघितलं, तर सरांनी ऊन लागतं म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची नेटच्या मागून उचलून बाजूच्या कडुनिंबाखाली नेली होती. गन हातात, कोन अंदाजे चोवीस अंश. मोबाइलवर कोसाइन काढला, ०.९१. १२८ गुणिले ०.९१, ११७. सावलीने अकरा किलोमीटर खाल्ले होते.

सरांना समजावलं, त्यांनीही कुरकुर न करता खुर्ची पुन्हा यष्टींच्या रेषेत मागे नेली. पहिलाच चेंडू १२७. भाचा चेंडू पँटला घासत परत रनअपच्या खुणेकडे निघाला, माझ्याजवळ थांबला आणि सरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "मामा, आता यॉर्करच टाकतो. दोनेक वाढतील ना?"