चाप एकदा, गोळी एकच

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या जवानाच्या खांद्याला काहीही असो, पोरं त्याला ‘एके-47’च म्हणतात. बहुतेक वेळा ती एसएलआर असते, नाहीतर इन्सास, या दोन्ही आपल्याकडच्या फौजी-पोलिसी रायफली. काळी, लांब, खाली मॅगझिन लोंबतंय म्हणजे मशीनगन, असं मोठ्यांनाही वाटतं. अमेरिकेत नागरिकांना विकली जाणारी एआर-15 आपल्याला नीट कळत नाही ती यामुळेच.

युजीन स्टोनर या अभियंत्याने 1950 च्या दशकाच्या अखेरीस आर्मालाइट कंपनीत ही रायफल घडवली. 1959 मध्ये हक्क कोल्टकडे गेले. सैन्यात ती एम-16 झाली आणि 1964 च्या सुमारास तिची नागरी आवृत्ती बाजारात आली. दोघींच्या पोटातला कारभार जवळपास एकच. गोळी नळीतून पुढे जात असताना मागचा तप्त वायू एका बारीक भोकातून वरच्या पातळ नळीत शिरतो आणि उलटा मागे येतो. त्या दाबाने बोल्ट, म्हणजे काडतुसामागचं नळीचं दार, फिरून मोकळा होतो, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते. खांद्याला टेकवायच्या दस्त्यातली स्प्रिंग दबते आणि उसळी घेताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस जागेवर बसवते.

फरक आहे तो चापापाशी. यंत्रमागाचा दांडा एकदा ओढला की माग थांबवेपर्यंत धोटा पळतच राहतो. सैनिकी रायफलची ऑटोमॅटिक सोय तशी: चाप दाबून धरलाय तोवर गोळ्या सुटतच राहतात. नागरी रायफलमध्ये घोडा, म्हणजे काडतूस पेटवणारा आतला हातोडा, मागे गेल्यावर एक आकडा त्याला धरून ठेवतो. चाप सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही. यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणायचं. गंमत अशी की आपल्या जवानाकडची एसएलआरही सेमी-ऑटोमॅटिकच आहे.

आता थोडं गणित. एआर-15 ची नेहमीची गोळी साधारण 3.6 ग्रॅमची, अगदी हलकी. पण ती सेकंदाला सुमारे 975 मीटर वेगाने निघते, आवाजाच्या जवळपास तिप्पट. एसएलआरची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, वेग 840 मीटर. खांद्याला बसणारा धक्का मुख्यतः संवेगावर, म्हणजे वजन गुणिले वेग यावर ठरतो. तो हलक्या गोळीचा निम्म्याहूनही कमी भरतो. ऊर्जेत मात्र वेगाचा वर्ग येतो. म्हणून इवल्याशा गोळीतही सुमारे 1700 ज्यूल साठतात. धक्का कमी म्हणून नेम पटकन पुन्हा जमतो, आणि जखम मात्र लहान होत नाही. या रायफलबद्दल काळजी करायचीच तर ती इथे करावी.

दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्यामुळे धक्का थेट खांद्यात जातो, नळीचं तोंड फारसं वर उडत नाही. दस्ता सरळ केला की हात धरायला पिस्तुलासारखी मूठ लागतेच, आणि डोळा वर येतो म्हणून नेम धरायची साधनंही उंच बसवावी लागतात. म्हणजे ते ‘लष्करी’ रूप निव्वळ दिखाऊ नाही. तरीही अशा रायफलींच्या नव्या विक्रीवर बंदी घालणाऱ्या अमेरिकेच्या 1994 च्या कायद्याने ज्या खुणांवर बोट ठेवलं त्यात मूठ, घडीचा दस्ता, नळीच्या तोंडाची ज्वाला झाकणारा ज्वालारोधक आणि संगीन अडकवायची खोबण होती. कारखानदारांनी खुणा उतरवल्या आणि तेच यंत्र विकत राहिले. 2004 मध्ये कायद्याची मुदत संपली. त्याआधी 1986 चा कायदा जास्त नेमका होता: त्याने नव्या ऑटोमॅटिक बंदुका नागरिकांना बंद केल्या, दिसायला त्या कशाही असोत.

फौजेची बंदूक कुठली आणि रयतेची कुठली, ही रेघ इंग्रजांनी हिंदुस्थानात काडतुसावर ओढली होती. .303 हे फौजेचं काडतूस, म्हणून ते रयतेला बंद. त्यातून .315 ची चाल पडली. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .315 रायफल ही फौजेच्या ली-एनफील्डचीच लेक, फक्त काडतूस वेगळं. परवान्यावर आपल्याकडे दिसते ती बहुधा हीच, आणि तिचा बोल्ट दर गोळीला हातानेच ओढावा लागतो.