अमांडावा (लाल मुनिया)

अमांडावा : गवताच्या बियांवर जगणाऱ्या मुनियांची एक लहानशी प्रजाती, कुल एस्ट्रिल्डिडी. लाल मुनिया, हिरवी मुनिया आणि आफ्रिकेतील अमांडावा सबफ्लाव्हा या तिच्या जाती. तिसरीला काही तज्ज्ञ वेगळ्या प्रजातीत घालतात. नाव अहमदाबादवरून पडले. तिथून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून परदेशी जात आणि ‘अमदावाद’चेच लॅटिन रूप झाले. बडोद्याच्या मराठी माणसाला ही व्युत्पत्ती फोडून सांगायला नको, त्याच्याही तोंडी अमदावादच असते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ मध्ये लाल मुनियेचे वर्णन केले.

लाल मुनिया जेमतेम १० सेंमी. लांब. बडोद्याच्या आसपास तिला शोधायचे तर तलावकाठचे पाणकणीस, उंच गवत आणि उसाचे फड पाहावेत. बारीक, उंच स्वरातली किलबिल आधी कानी येते.

ओळखताना चूक होते ती हंगामामुळे. विणीत नर किरमिजी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटी काळी. वीण सरली की तो मादीसारखाच मातकट होतो. पिसाऱ्याचा असा बदल या कुळात विरळा. तेव्हा बुडाशी पाहावे : शेपटीच्या मुळाजवळची पिसे लालच राहतात, पंखांवर ठिपके आणि डोळ्यापुढे काळी रेघही टिकते. पिल्लाला मात्र ना लाल बूड, ना ठिपके. पंखांवर नुसते फिकट पट्टे. चोच मे महिन्यात लाल होऊ लागते, नोव्हेंबर–डिसेंबरात काळवंडते आणि एप्रिलमध्ये झपाट्याने काळी पडते.

वीण पावसाळ्यात. घरटे गवताच्या पात्यांचे, चेंडूसारखे, दार बाजूला. अंडी पांढरी, बहुधा ५-६. घरटे जमिनीलगत असल्याने ऐन हंगामात काठचे गवत कापले की पिल्लांसकट जाते.

हिरवी मुनिया फक्त भारतातली : पोट पिवळे, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, चोच लाल. बडोद्याहून तिच्यासाठी माउंट अबू गाठावे. जाती असुरक्षित गणली जाते.

पिंजऱ्यातला लाल नर पुष्कळदा काळपट पडतो. बाजारात दुसऱ्याच मुनिया रंगवून खपवतात. चोच जाड आणि करडी दिसली तर ती या प्रजातीची नव्हे. पण खरी असो वा रंगवलेली, रानातली मुनिया धरणे आणि विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.