खासगी गेम रिझर्व्ह, दक्षिण आफ्रिकेतील

स्वतःच्या मालकीच्या जमिनीला कुंपण घालून तिथे वन्यप्राणी राखायचे आणि ते पर्यटकांना दाखवून, काही ठिकाणी शिकारीसाठी किंवा लिलावात विकूनही, जमिनीचा खर्च भागवायचा, अशी ही व्यवस्था आहे. दक्षिण आफ्रिकेबरोबरच नामिबिया, झिंबाब्वे आणि बोट्सवानाच्या पूर्व सीमेवरच्या तुली पट्ट्यातही ती आढळते. आकारात फार तफावत असते. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले साबी सँड सुमारे ६५,००० हेक्टरांचे, म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राहून थोडे मोठे. दुसऱ्या टोकाला दोन-चार हजार हेक्टरांत सिंह, हत्ती आणि गेंडे सांभाळणारी रिझर्व्हही आहेत. या व्यवस्थेची खरी कसोटी लागते ती या लहान रिझर्व्हमध्ये. तिथे जंगल आपले आपण चालत नाही, ते रोज चालवावे लागते.

कायदा आणि मालकी

भारतीय वाचकाला आधी नवल वाटते ते मालकीचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शेतात शिरलेला बिबट्याही शेतकऱ्याचा होत नाही. दक्षिण आफ्रिकेत मुळात रानातला प्राणी कुणाचाच नसे, जो पकडेल त्याचा तो. १९९१ च्या ‘गेम थेफ्ट अ‍ॅक्ट’ने हे बदलले. जमिनीला पुरेसे कुंपण असल्याचा सरकारी दाखला मिळवला की आतल्या प्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क राहतो, आणि ते कुंपण मोडून बाहेर पळाले तरी तो जात नाही. नामिबियात १९६७ मध्ये आणि झिंबाब्वेत, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियात, १९७५ मध्ये जमीनमालकांना वन्यप्राण्यांच्या वापराचे असेच व्यापक अधिकार मिळाले होते. परिणाम झपाट्याने दिसला. गुरांपेक्षा कुडू, इंपाला ही हरणे आणि केप म्हशी फायद्याच्या ठरू लागल्या. हजारो शेतकऱ्यांनी गुरे विकली आणि कुंपणे उंच केली. दक्षिण आफ्रिकेत वन्यप्राणी पाळणारी अशी खासगी शेते आज सुमारे नऊ हजार असल्याचे मानले जाते. त्यांतली बहुतेक शिकारीवर आणि प्राण्यांच्या खरेदी-विक्रीवर चालतात. परदेशी पर्यटकाला ज्ञात असलेली, कॅमेरा घेऊन जायची रिझर्व्ह हा या धंद्याचा छोटा पण चकचकीत भाग.

मूळ: क्रुगरच्या पश्चिमेला

ट्रान्सवाल या तेव्हाच्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रुगर यांनी १८९८ मध्ये साबी राखीव क्षेत्र जाहीर केले. त्यातूनच १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यानाच्या पश्चिमेकडच्या शेतजमिनी खासगी मालकांकडे राहिल्या. त्यांतलीच एक जमीन चार्ल्स व्हार्टी आणि फ्रँक उंगर या दोन मित्रांनी १९२६ मध्ये सिंहाच्या शिकारीसाठी घेतली. व्हार्टी कुटुंबाच्या पुढच्या पिढीने १९७०च्या दशकात तिथे पर्यटकांची राहण्याची सोय केली आणि ‘लोंडोलोझी’ नावारूपाला आले. शेजारच्या मालकांनी एकत्र येऊन १९४८ मध्ये साबी सँडची, तर थोडे उत्तरेला १९५६ मध्ये टिंबावटीची स्थापना केली. १९७५ मध्ये पांढऱ्या सिंहांचे छावे दिसल्याने टिंबावटीचे नाव जगभर झाले.

गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून १९६०च्या दशकात क्रुगर आणि या जमिनींमध्ये तारेचे कुंपण उभे राहिले, आणि प्राण्यांच्या पूर्व-पश्चिम जुन्या वाटा तुटल्या. साबी सँडच्या बाजूचे कुंपण १९९३ मध्ये काढले. तेव्हापासून क्रुगरचा हत्ती सरळ खासगी हद्दीत येतो आणि परतही जातो. त्यामुळे साबी सँड, टिंबावटी, क्लासेरी किंवा बालुले ही नावाने खासगी असली तरी पाठीशी सुमारे वीस लाख हेक्टरांचे उद्यान घेऊन उभी आहेत. चारही बाजूंनी बंद असलेल्या रिझर्व्हची गोष्ट वेगळी. ईस्टर्न केपमधले शामवारी १९९० पासून, मेंढ्यांनी आणि शेतीने झिजलेल्या जमिनी विकत घेऊन उभे राहिले. क्वाझुलू-नाताळमधले फिंडा १९९१ चे. या दोन्ही ठिकाणी बहुतेक मोठे प्राणी ट्रकमधून आणून सोडलेले आहेत.

फेरी कशी असते

दिवसात दोन फेऱ्या होतात. पहिली उजाडण्याआधी निघते, दुसरी साडेतीन-चारला निघून अंधार पडल्यावर संपते. गाडी छत नसलेली लँड रोव्हर किंवा लँड क्रूझर असते, मागच्या बाकांच्या रांगा चढत्या. जून-जुलैच्या पहाटे या उघड्या गाडीत थंडी चांगलीच झोंबते, म्हणून बाकावर घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते. गाडी चालवणारा आणि माहिती देणारा एकच, त्याला रेंजर किंवा गाईड म्हणतात. त्याच्या पुढे, गाडीच्या डाव्या नाकाडावर बसवलेल्या खुर्चीत ट्रॅकर बसतो. क्रुगरच्या पश्चिमेला हे ट्रॅकर बहुधा शांगान, म्हणजे त्सोंगा भाषक समाजातले असतात. पाहुण्यांशी गप्पा रेंजर मारतो, पण बिबट्या सापडतो तो बहुतेक वेळा ट्रॅकरमुळे.

त्याचे काम पाहण्यासारखे असते. वाळूच्या वाटेवर ठसा दिसला की तो हात वर करतो आणि गाडी थांबते. ठशाच्या कडा तीक्ष्ण आहेत की वाऱ्याने खचल्या आहेत, त्यावर रात्रीच्या दवाचे टिपके उठले आहेत का, एखादा किडा किंवा पक्षी त्यावरून चालून गेला आहे का, हे तो बघतो. दवाचे टिपके ठशाखाली दबले असतील तर प्राणी पहाटेनंतर गेलेला, ठशावर असतील तर आधीचा. मग तो कधी खाली उतरून झुडपांत शिरतो आणि रेंजर गाडी वळसा घालून पुढच्या वाटेवर नेतो. पुढच्या वाटेवर ठसे नसतील तर प्राणी मधल्या तुकड्यातच आहे. खारीची चिडचिड, इंपालाचे फुरफुरणे, म्हशीच्या पाठीवरून एकदम उडालेले ऑक्सपेकर पक्षी, सगळे हिशेबात घेतले जाते. ताडोब्यात चितळाचा किंवा वानराचा कॉल ऐकून थांबणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. फरक असा की आपल्याकडे जिप्सीने रस्ता सोडायचा नसतो, तर इथे वाघाटीसारख्या काटेरी झुडपांतून गाडी थेट बिबट्याजवळ नेता येते. ही मुभा जमीन खासगी असल्यामुळेच मिळते, शेजारच्या क्रुगरमध्ये सामान्य पर्यटकाला रस्ता सोडता येत नाही.

मुभेला शिस्तही आहे. एका प्राण्याजवळ सहसा दोन-तीनच गाड्या थांबतात, बाकीच्या रेडिओवर नंबर लावून दूर उभ्या राहतात. ओल्या मातीत रस्ता सोडायचा नाही. उभे राहायचे नाही, कारण सिंहांना सवय झालेली असते ती गाडी आणि तिच्यातली माणसे मिळून दिसणाऱ्या एका आकाराची. तो आकार मोडला की त्यांचे वागणे बदलू शकते. अंधारात झोत मारतात तो बिबट्या, तरस अशा निशाचरांवर. हरणांच्या डोळ्यांवर तो मारत नाहीत, कारण दिपलेले हरीण सहज बळी पडते. गेंडा दिसला तर त्याची जागा रेडिओवर बोलत नाहीत, पाहुण्यांनाही फोटोसोबत ठिकाण टाकू नका असे सांगतात.

सूर्यास्ताला मोकळ्या माळावर थांबून पेय आणि खाणे देण्याची प्रथा आहे. तिचे कौतुक माहितीपत्रकांत जरा जास्तच असते. त्यापेक्षा बंदूकधारी गाईडबरोबरची पायी फेरी करावी. तिच्यात मोठे प्राणी कमी दिसतात, पण वाळवीची वारुळे, हत्तीने सोललेल्या साली आणि मारुला झाडाची फळे हाताच्या अंतरावर येतात.

लहान जागेतले जंगल

कुंपणात कोंडलेल्या सिंहांची संख्या भराभर वाढते. प्रतिस्पर्धी टोळ्या नसतात, छावे जगतात, आणि काही वर्षांत हरणे कमी पडू लागतात. शिवाय सगळे एकमेकांचे नातेवाईक. मोठ्या रानात तरुण नर दूर निघून जातो. इथे त्याला भूल देऊन ट्रकने दुसऱ्या रिझर्व्हमध्ये न्यावे लागते आणि तिथला नर इकडे आणावा लागतो.

चित्त्यांसाठी हीच अदलाबदल पद्धतशीरपणे होते. २०११ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या विखुरलेल्या कुंपणबंद रिझर्व्हमधले चित्ते एकाच समूहाचे मानून हलवले जातात. भारताशी या विषयाचा थेट संबंध इथेच येतो. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनोत जे १२ आफ्रिकी चित्ते आले, ते क्रुगरसारख्या सरकारी उद्यानातून आले नव्हते. फिंडा, त्स्वालू, क्वांडवे अशा खासगी रिझर्व्हनी ते दिले होते. कुनोच्या चित्त्यांबद्दल आपल्याकडे बरेच लिहून झाले, हा तपशील मात्र क्वचितच कुणी सांगते.

हत्तींचे गणित आणखी अवघड. एक कळप लहान रिझर्व्हमधली झाडे काही वर्षांत उघडी पाडतो. १९९०च्या दशकापर्यंत क्रुगरमध्ये हत्ती मारून संख्या आटोक्यात ठेवत आणि त्यांतली पोरकी पिल्ले नव्या रिझर्व्हना देत. ही पिल्ले वडीलधाऱ्यांविना वाढली. पिलानेसबर्ग या सरकारी उद्यानात अशाच तरुण नरांनी १९९०च्या दशकात चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रुगरहून मोठे नर आणून सोडल्यावर हे प्रकार थांबले. पुढे संख्येवर दुसरा उपाय निघाला. मकालाली या खासगी रिझर्व्हमध्ये २००० पासून हत्तिणींना हवेतून किंवा जमिनीवरून डार्ट मारून गर्भनिरोधक लस देण्यात आली. ती यशस्वी ठरल्यावर इतर अनेक ठिकाणी पसरली.

पाण्याचा धडा मात्र महागात पडला. पर्यटकाला प्राणी हमखास दिसावेत म्हणून मालकांनी बोअरवेल खोदून ठिकठिकाणी पाणवठे केले. सगळीकडे पाणी, म्हणून सगळीकडे चराई, म्हणून टंचाईसाठी राखीव असा गवताचा एकही पट्टा उरला नाही. १९८२-८३ च्या दुष्काळात क्लासेरीत चरणारे प्राणी फार मोठ्या संख्येने मेले. शेजारच्या क्रुगरमध्ये पाणवठे विरळ होते, तिथे हानी बरीच कमी झाली. प्राणी तहानेने मेले नाहीत, भुकेने मेले. एखादा लॉज आपल्या व्हरांड्यासमोरच्या पाणवठ्याची जाहिरात करतो तेव्हा ही गोष्ट आठवावी.

गेंडे

दक्षिण आफ्रिकेतले निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे आज खासगी जमिनीवर आहेत. शिंगांसाठीची चोरटी शिकार २०१४ मध्ये कळसाला पोचली, त्या एका वर्षात देशात १,२१५ गेंडे मारले गेले. २०२४ मध्ये हा आकडा ४२० होता. अनेक रिझर्व्ह आता गेंड्यांना भूल देऊन करवतीने शिंग कापतात. शिंग नखासारखेच केराटिनचे असल्याने पुन्हा वाढते, म्हणून दर दीड-दोन वर्षांनी हे करावे लागते. फोटोत गेंडा बोडका दिसतो, अशी पाहुण्यांची तक्रार असते. ती ऐकून घ्यायचे काही कारण नाही.

गेंडा राखणे हा मात्र मालकाला निव्वळ खर्चच. पहारेकरी, कुत्री, हेलिकॉप्टर सगळे पदरचे, आणि शिंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून बंदी. जॉन ह्यूम यांनी खासगी शेतावर सुमारे दोन हजार गेंडे वाढवले होते. तो खर्च पेलेना, लिलावात कुणी पुढे आले नाही आणि २०२३ मध्ये ‘आफ्रिकन पार्क्स’ संस्थेने ते घेतले. ते टप्प्याटप्प्याने सुरक्षित रानांत सोडण्याची संस्थेची योजना आहे.

वाद

पहिला वाद जमिनीचा. १९१३ च्या कायद्याने आणि नंतरच्या सक्तीच्या स्थलांतराने कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हातून गेलेल्या अनेक जमिनींवर आज रिझर्व्ह आहेत. १९९४ च्या कायद्याने त्यांना दावे करता आले. साबी सँडमधल्या मालामालाची जमीन सरकारने २०१३ मध्ये सुमारे एक अब्ज रँडला विकत घेऊन न्वांडलामहारी समाजाच्या नावे केली. लॉज चालू राहिले, मालक बदलले. फिंडाच्या जमिनीचा मोठा भागही २००७ मध्ये दोन स्थानिक समाजांना मिळाला आणि त्यांनी तो पर्यटनासाठी भाड्याने दिला. अशी उदाहरणे अजून थोडीच आहेत. कुंपणापलीकडच्या वस्तीतला मुलगा लॉजमध्ये वेटर होतो, मालक होण्याची वाट त्याला क्वचितच सापडते.

दुसरा वाद शिकारीचा. क्रुगरला लागून असलेल्या काही खासगी रिझर्व्हमध्ये ठराविक कोट्याने ट्रॉफी शिकार, म्हणजे शिंगे-मुंडके मिरवण्यासाठीची शिकार, होते आणि तिच्या पैशावर चोरट्या शिकारीविरुद्धचा पहारा चालतो. कॅमेरा घेऊन येणाऱ्याला हे बहुधा सांगितले जात नाही, सांगायला हवे. याहून वाईट प्रकार म्हणजे छाव्यांना कुरवाळायला आणि सिंहासोबत फिरायला देणाऱ्या जागा. तिथले सिंह पिंजऱ्यात पैदास केलेले असतात आणि त्यातले अनेक पुढे बंदिस्त शिकारीत जातात. सिंहाला हात लावू देणारी जागा पैसे देऊन पाहू नये.

जाणाऱ्यांसाठी

मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा, गवत बसलेले, प्राणी पाण्याजवळ, म्हणून दिसण्यासाठी उत्तम. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस, हिरवळ आणि इंपालाची पाडसे असतात, उकाडाही असतो. क्रुगरच्या परिसरात पावसाळ्यात मलेरियाचा धोका असतो, त्यासाठी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुले लहान असतील तर ईस्टर्न केपमधली मलेरियामुक्त रिझर्व्ह सोयीची, पण सहा वर्षांखालच्या मुलांना अनेक ठिकाणी उघड्या गाडीत घेत नाहीत, ते आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. जेवण मांसप्रधान, रात्री निखाऱ्यांवर भाजलेले. शाकाहार, जैन जेवण किंवा अंड्याविना नाश्ता हवा असेल तर आधी लेखी कळवले की बहुतेक लॉज नीट सोय करतात. आयत्या वेळी सांगितल्यास भाजलेला मका आणि सॅलडवर भागवावे लागते. क्रुगरच्या पश्चिमेकडच्या रिझर्व्हना हूडस्प्रुइट किंवा स्कुकुझाच्या छोट्या विमानतळांवरून जाता येते. जोहान्सबर्गहून मोटारीनेही पाच-सहा तासांत पोचता येते, मात्र दुपारच्या फेरीआधी पोचायचे असेल तर पहाटेच निघावे. उशीर झालेल्या पाहुण्यासाठी फेरी थांबवत नाहीत.